दुसऱ्या पसंतीचा डॉड रन्सी

आमच्या क्रेगहाइथमध्ये कुणाचं तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही. बोट भरभरून हॅडक मासळी घेऊन आलेल्या माणसाला धक्क्यावरचे लोक विचारतात, "कसं काय?" तो म्हणतो, "वाईट नाही." लोकही मान हलवतात, वाईट नाही. नवरी कशी दिसत होती? वाईट नाही. पाद्रीबुवांचं प्रवचन? वाईट नव्हतं. मी सव्वीस वर्षं इथल्या शाळेत स्वयंपाक केला. निवृत्तीच्या दिवशी हेडबाई मला म्हणाल्या, "नान, तुझं सूप वाईट नसायचं हं." मी घरी येऊन पोटभर रडले, इतकं मला बरं वाटलं.

डॉड रन्सी आमचा कौन्सिलर होता. एक-दोन नाही, अठ्ठावीस वर्षं. त्याच्याबद्दलही आम्ही तेवढंच म्हणायचो. आता वाटतं, निदान एकदा कुणीतरी त्याच्या दारात उभं राहून याहून चार शब्द जास्त बोलायला हवे होते. कुणीतरी म्हणजे मी. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

डॉडचा जन्म बंदराशेजारच्या खालच्या आळीतला. पंधराव्या वर्षी तो काकाच्या बोटीवर गेला आणि एकोणतिसाव्या वर्षी दोर ओढायच्या यंत्रात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. बोटीवर आठ बोटांचा माणूस म्हणजे ओझंच, असं त्यानं स्वतःच ठरवलं आणि बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात नोकरी धरली. बायको एल्स्पेट मासळी कापायच्या शेडमध्ये कामाला. तिची सुरी जितकी धारदार, तितकीच जीभ. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

तो राजकारणात आला तो समुद्रामुळे. त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात वादळानं खालच्या आळीपुढची भिंत फोडली आणि बारा घरांच्या स्वयंपाकघरांत पाणी शिरलं. तीन महिन्यांनी कौन्सिलचं पत्र आलं, की विषय विचाराधीन आहे. डॉडनं ते पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं कौन्सिलच्या कचेरीत गेला. अंगात बोटीवरचा मेणकापडी कोट, हातात बादली. बादलीत एल्स्पेटच्या ओट्याखालून उपसलेलं समुद्राचं शेवाळ आणि कुजका चिखल. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसला, बादली दोन पायांच्या मध्ये ठेवली. कुणावर ओरडला नाही की काही मागितलं नाही. संध्याकाळी बसनं परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी वासानं हैराण झालेला इंजिनियर बाहेर आला. मे महिन्यात भिंतीचं काम सुरू झालं.

त्याच मे महिन्यात निवडणूक होती. आम्ही पाच-सहा जणांनी त्याच्या घरी जाऊन त्याला धरलं.

"मी? मला चार लोकांत बोलता येत नाही," डॉड म्हणाला.

"तुला बसता येतं ना?" मी म्हटलं. "बाकीचे बोलतील. तू बादली घेऊन बस."

एल्स्पेट चहा ओतत म्हणाली, "न्या बाई त्याला. घरात नुसता खिडकीतून समुद्राकडे बघत बसतो. तिकडे बसला तर गावाचं भलं तरी होईल."

तो उभा राहिला आणि निवडून आला. त्यानंतर दर खेपेला तो उभा राहायचा आणि निवडून यायचा, आणि दर खेपेला निवडणुकीची धावपळ माझ्याकडे असायची. पत्रकं वाटणं, याद्या करणं, म्हाताऱ्यांना गाडीतून मतदानाला नेणं. आमचा पक्ष कुठला ते सांगत नाही. सांगून काही फरक पडत नाही, आमच्याकडे लोक डॉडला मत द्यायचे.

त्याची काम करायची पद्धत अशी. शनिवारी सकाळी त्याच्या स्वयंपाकघराचं दार उघडं असायचं. कुणीही यावं, एल्स्पेटच्या हातचा चहा घ्यावा आणि गाऱ्हाणं सांगावं. डॉड ते मासळीच्या खोक्यांवर लावायच्या चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूला लिहायचा आणि चिठ्ठी चुलीशेजारच्या भिंतीवर टोचायचा. काम झालं की तीच चिठ्ठी चुलीत. मी कितीदा सांगितलं असेल, "अरे, जाळतोस काय? वहीत लिहून ठेव. निवडणुकीला लोकांना सांगता येईल, काय काय केलंस ते."

"ज्याचं काम झालं त्याला माहीत आहे की."

"आणि ज्याचं नाही झालं त्याला?"

"त्याची चिठ्ठी भिंतीवर आहे."

शाळेच्या चढावर लोखंडी कठडा बसवला, तो त्यानं दोन वर्षं पत्रं लिहून लिहून आणला. उद्घाटनाला पेपरवाला आला तेव्हा दुसऱ्याच वॉर्डातले एक कौन्सिलर छाती काढून पुढे उभे, आणि डॉड आपला शिडी धरून मागे, कारण फोटोवाला शिडीवर चढला होता. फोटो छापून आला. एल्स्पेटनं तो सगळ्यांना दाखवला. "बघ, आमच्या यजमानांचं कोपर आलंय. वाईट नाही हो कोपर."

किनाऱ्याजवळच्या हिरवळीवर आम्ही बायका खांबांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतो, पिढ्यान्‌पिढ्या. तिथे मोटारी लावायला जागा करायचा कौन्सिलचा बेत होता. तो कसा बारगळला हे मला आजही ठाऊक नाही. एवढंच आठवतं, की एका शनिवारी भिंतीवर चिठ्ठी होती आणि पुढच्या शनिवारी नव्हती. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते हेच. आमचे कपडे वाळत होते, आमच्या घरात पाणी येत नव्हतं, पोरं कठडा धरून चढ चढत होती, आणि हे सगळं आपोआपच होतं अशी आमची समजूत झाली होती.

मग मतदानाची पद्धत बदलली. पूर्वी एका नावापुढे फुली मारायची आणि मोकळं व्हायचं. आता आमचा वॉर्ड आतल्या बाजूच्या स्ट्रॅथबॅरी गावाशी जोडला, तीन जागा केल्या आणि फुलीऐवजी आकडे आले. आवडत्या माणसाला एक, त्यानंतरच्याला दोन, असं. पहिल्याच खेपेला डॉड सगळ्यांच्या वर आला. दुसऱ्या पसंतीची मतं बघायची वेळसुद्धा आली नाही. तिथेच घात झाला. डॉड म्हणजे बंदराचा धक्का, तो काय हलतोय, असं सगळ्या गावानं मनात धरलं.

पुढची निवडणूक दोन हजार बाराची. तिच्या आदल्या वर्षी कौन्सिलनं कळवलं, की क्रेगहाइथची शाळा बंद करायचा विचार आहे. एक्केचाळीस पोरं. त्यांना बसनं नऊ मैलांवर स्ट्रॅथबॅरीच्या शाळेत न्यायचं. सव्वीस वर्षं मी त्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले होते, त्याच्या आधी त्याच शाळेत डॉडच्या मागच्या बाकावर बसून त्याच्या पाठीत पेन्सिल टोचली होती. शाळा गेली की तरुण घरं जातात, मग दुकान जातं, आणि शेवटी उरतात सुट्टीत येणाऱ्या लोकांची कुलपं लावलेली घरं. किनाऱ्यावरची अशी दोन गावं आम्ही पाहिली होती.

निर्णयाचं मतदान निवडणुकीनंतर होणार होतं. आमच्या वॉर्डातल्या तीन जागांपैकी दोन स्ट्रॅथबॅरीच्या माणसांकडे होत्या आणि दोघंही शाळा बंद करायच्या बाजूचे. त्यातला एक रॅट्रे, गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणारा. त्याला आपल्या गावची शाळा भरलेली हवी होती. मी ठरवलं, या रॅट्रेला पाडायचं. या वेळी आपण दोघं उभे करायचे. डॉड आणि शोना वेस्ट. म्हणजे शाळेच्या बाजूनं एकाऐवजी दोन मतं.

शोना एकतीस वर्षांची. तिची दोन्ही पोरं शाळेत. बोलायला चुणचुणीत, माणूस म्हणून चांगली. तिच्याबद्दल मी वाकडा शब्द बोलणार नाही आणि कुणाला बोलू देणार नाही.

पक्षाच्या मुख्य कचेरीतून एक माणूस आला होता, त्यानं समजावलं. दोघंही निवडून यायचे तर पहिल्या पसंतीची मतं दोघांत सारखी वाटली गेली पाहिजेत. अर्ध्या गल्ल्यांनी डॉडला एक, शोनाला दोन द्यायचे. उरलेल्या अर्ध्यांनी उलट. मी एल्स्पेटच्या टेबलावर नकाशा पसरून रंगीत पेन्सिलींनी गल्ल्या वाटल्या. खालच्या आळ्या डॉडच्या, वरची नवी घरं आणि स्ट्रॅथबॅरीतली आमची माणसं शोनाची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला तेव्हा आठवायला हवी होती.

खालच्या आळीतल्या पहिल्याच दारात नकाशा संपला. दार उघडलं ऐंशी वर्षांच्या बेला माकीनं.

"डॉड, तुला एक नंबर देणार बघ मी," ती म्हणाली. "त्याशिवाय कुणाला ओळखते मी?"

डॉडनं टोपी काढली. "नको बेला. पोरीला दे एक. नवीन आहे ती. मला आपला दोन दे."

"मग तू पडलास म्हणजे?"

"मी कुठे पडतोय?"

आणि मी, जिचं काम त्याच्या पायावर पाय देऊन त्याला गप्प करण्याचं, ती हसून म्हणाले, "बेला, याला समुद्रानं नाही पाडलं, तुझी पेन्सिल काय पाडणार?" बेला हसली. डॉड हसला. दार लागलं.

गल्लीत आल्यावर मी त्याला थोडं झापलं, नाही असं नाही. "अरे, ही आळी तुझी आहे. इथे तू एक मागायचास."

"नान, माणसानं कुणाच्या दारात जाऊन म्हणायचं, की मला पहिला धर?"

"कौन्सिलर आहेस की संत?"

"मला नाही जमत गं ते."

मी विषय सोडून पुढच्या दाराकडे वळले. कारण खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. स्वतःची टिमकी वाजवणारा माणूस आमच्याकडे कुणाला चालत नाही, मलाही चालत नाही. मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही, हे ठाऊक असून मी त्याच्या न मागण्याचं मनातल्या मनात कौतुक करत त्याच्यामागून चालत राहिले. सहा आठवडे आम्ही दारं वाजवली आणि प्रत्येक दारात तो तेच म्हणाला. शोना बिचारी आपल्या वाटच्या गल्ल्यांमध्ये आपल्याला एक मागत होती, सांगितल्याप्रमाणे. आमच्या गल्ल्यांमध्येही तिला एक मिळत होता. आणि लोकही आपसात बोलायला लागले, की डॉड तर येणारच, शाळेसाठी दोघं हवेत, तर पोरीला वर घ्या. पुढचं माझ्या लक्षात यायला हवं होतं. तेच तर माझं काम होतं.

मतदान शाळेतच होतं, माझ्या जेवणघरात. दोरीला बांधलेली पेन्सिल घेतली, शोनापुढे एक लिहिला, डॉडपुढे दोन. हात क्षणभर अडखळला होता, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही अडखळला. घडी घातली, पेटीत टाकली आणि बेलाला आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्रीडासंकुलाच्या मोठ्या दालनात मोजणी झाली. आता कागद यंत्रंच मोजतात, आपण भिंतीवरच्या पडद्याकडे बघत उभं राहायचं. हिशेब सोपा आहे. ज्याला पहिल्या पसंतीची मतं सगळ्यात कमी तो बाद, आणि त्याच्या कागदांवरचे दोन नंबर इतरांना वाटले जातात. पण तुमचा दोन नंबर कुणी बघण्यासाठी तुमचा एक नंबरवाला आधी बाद व्हावा लागतो, नाहीतर त्याच्याकडे निवडून यायला लागतात त्याहून जास्त मतं पडावी लागतात. शोना बाद झाली नव्हती आणि तिच्याकडे जास्तीचीही नव्हती. त्यामुळे ज्यांनी डॉडला प्रेमानं दोन दिला, ते शेकडो दोन तिच्या कागदांवर तसेच पडून राहिले. पहिल्या फेरीत एक अपक्ष बाद झाला. दुसऱ्या फेरीत पडद्यावर एका नावावर बाद झाल्याची करडी पट्टी आली. रन्सी. रॅट्रेपेक्षा दोन मतांनी कमी.

दोन.

शोना माझा दंड धरून म्हणाली, "नान, हे चुकलंय ना? पुन्हा मोजतील ना?" पुन्हा मोजली. दोनच.

डॉड सरळ रॅट्रेकडे गेला आणि हात पुढे केला. मी जवळच होते, म्हणून ऐकलं. "अभिनंदन. भिंतीला दक्षिणेकडच्या टोकाला तडा गेलाय, हिवाळ्याच्या आत बघ तेवढं." "बघतो हं मिस्टर रन्सी," तो म्हणाला. बघितलं नाहीच.

मी त्याला माझ्या गाडीतून घरी आणलं. पाऊण तास रस्ता. मी समोर बघत गाडी चालवत होते. तो म्हणाला, "पोरगी आली, ते बरं झालं." मग गाव दिसू लागलं तेव्हा म्हणाला, "वाईट नाही."

सप्टेंबरात शाळेचं मतदान झालं. मी वर प्रेक्षकांच्या बाकावर होते. शोना छान बोलली, डॉडला सात जन्मांत जमलं नसतं असं. बंद करायच्या बाजूनं पंधरा, विरुद्ध तेरा. शाळा गेली.

जिन्यात मला फार्कर भेटला. हा डोंगराकडच्या दरीतला कौन्सिलर, मेंढ्या पाळणारा, कमी बोलणारा. त्यानं आणि त्याच्या शेजारच्या वॉर्डातल्या दोस्तानं दोघांनीही बंद करायच्या बाजूनं हात वर केला होता. मला बघून तो थांबला. "तुम्ही डॉडच्या गावच्या ना? आमची दोन्ही मतं डॉडला द्यायची ठरली होती."

मला नीट कळलंच नाही. "कुणाची?"

"आम्हा दोघांची. आमच्या रस्त्यावर हिवाळ्यात बर्फ हटवायचं यंत्र फिरतं ते डॉडनं मिळवून दिलं. शाळेच्या वेळी आम्ही त्याच्याबरोबर, असा शब्द होता."

"मग दिलीत का नाहीत?" मी ओरडलेच. जिन्यातली माणसं वळून बघायला लागली. "शाळा तीच आहे! पोरं तीच आहेत!"

"डॉड कुठे आहे बाई? तो तिथे बसलेला असता तर आमच्या लोकांना सांगता आलं असतं, की याचं देणं लागत होतो. शब्द माणसाला दिलेला असतो, खुर्चीला नाही."

तेरा अधिक दोन म्हणजे पंधरा आणि एक डॉडचा, हे गणित शाळेतलं पोर करील. मी तशीच डॉडच्या घरी गेले. तो बागेत बटाटे काढत होता.

"हे मला सांगितलं का नाहीस?" मी कुंपणाच्या बाहेरूनच सुरुवात केली. "फार्करचा शब्द! मला माहीत असतं तर दारोदार बोंब मारली असती, की डॉडला एक द्या, डॉडशिवाय शाळा वाचत नाही!"

तो सरळ उभा राहिला. मातीचा हात पँटला पुसला. "दुसऱ्यानं विश्वासानं दिलेला शब्द. मी कसा गावभर करू? त्यांना त्यांच्या लोकांत राहायचंय."

"आणि नंतर? गेलास का त्यांच्याकडे?"

"दोनदा. बसनं. फार्करच्या बायकोनं चहा दिला." एवढंच म्हणाला आणि पुन्हा फावडं हातात घेतलं.

मला इतका राग आला होता, की मी निरोपही न घेता निघाले. राग कुणाचा ते मला नीट माहीत होतं, म्हणून जास्तच.

पुढच्या जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. ऑगस्टात पोरांची बस सुरू झाली. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यावर उभी होते. बस आली, दार उघडलं, आणि आतून पिवळं जाकीट घातलेला डॉड उतरला. बसमध्ये लहान पोरांना सांभाळायला एक माणूस लागतो, त्या कामासाठी यानं अर्ज केला होता. वय सदुसष्ट. त्यानं एकेका पोराला हात धरून वर चढवलं, पट्टे लावले. कुणी रडत होतं, त्याला आपल्या आठ बोटांचं काहीतरी दाखवून हसवलं. मग माझ्याकडे बघून टोपीला हात लावला. चार वर्षं तो त्या बसवर होता. नऊ मैल जायला, नऊ मैल यायला, एका पिशवीत ओल्या फडक्यांचा गठ्ठा, कारण वळणांवर पोरं ओकायची. पोरं त्याला बसवाला डॉड म्हणायची. हा माणूस अठ्ठावीस वर्षं कौन्सिलर होता, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तो तर सांगणारच नव्हता. मीही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी मी जायचे त्याच्याकडे. चुलीशेजारची भिंत मोकळी होती, टाचण्यांच्या भोकांची. चहा प्यायचा, हवापाण्याचं बोलायचं. दर शनिवारी मी ठरवून जायचे, की आज सांगायचं. आज म्हणायचं, डॉड, मीसुद्धा तुला दोनच दिला रे. आणि दर शनिवारी चहा पिऊन परत यायचे. सात वर्षांत साडेतीनशे शनिवार येतात.

सात वर्षांनी मार्चमध्ये तो गेला. छातीचं दुखणं, तीन आठवडे अंथरुणाला खिळला. मी भेटायला गेले होते, तेव्हाही त्यानंच विचारलं, बेलाच्या घरावरची कौलं बसवली का.

दफनाच्या दोन दिवस आधी एल्स्पेटनं मला बोलावलं. आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात सोडायला आठ दोऱ्या असतात. कुणी कुठली धरायची याची छोटी कार्डं आधी वाटतात, त्यावर पेटीचं चित्र आणि आकडा. एक नंबरची दोरी डोक्याशी. ती थोरल्या मुलाची. मुलगा नसेल तर भावाची, पुतण्याची. एल्स्पेटनं माझ्यापुढे कार्ड सरकवलं. त्यावर एक होता.

"हे चुकून आलंय," मी म्हटलं. "ही नीनियनची." नीनियन म्हणजे डॉडचा पुतण्या, दफनासाठी तो अ‍ॅबर्डीनहून आला होता.

"नीनियनला दोन दिलाय, पायाशी. यादी डॉडनं स्वतः लिहून ठेवलीय. त्याच्या हातची आहे, बघायचीय?"

मग मला राहवलं नाही. सात वर्षं न सांगितलेलं एका दमात बाहेर आलं. "एल्स्पेट, मी त्याला दोन दिला होता. त्या निवडणुकीत. मी. सगळं मीच चालवत होते आणि मीच त्याला दोन दिला."

तिनं कार्ड पुन्हा माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "त्याला माहीत होतं."

"कसं?"

"तू त्या दिवशी त्याला गाडीतून आणलंस ना? घरात आल्या आल्या मला म्हणाला, नाननं पाऊण तासात एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. तिनंपण पोरीलाच एक दिला असणार." तिनं ॲप्रनला हात पुसले. "मीही दोनच दिला होता गं. आणि त्यानंसुद्धा. स्वतःला. दोन. म्हणाला, माणसानं स्वतःला कसं पहिलं धरायचं. याच टेबलाशी बसून आम्ही मोजलं. दोन मतांनी पडला, आणि आपण तिघं."

"मग मला बोलला का नाही? तू का नाही बोललीस?"

"त्यानं बजावलं होतं मला. नानला यातलं काही कळू देऊ नकोस, ती स्वतःला खात बसेल."

मी ते कार्ड हातात धरून त्या मोकळ्या भिंतीकडे बघत बसले. एल्स्पेटनं चहा केला. आम्ही दोघींनी तो प्यायला.

दफनाला सगळा गाव होता. शोना पाच नंबरला होती, फार्कर सातला. दरीतून पहाटेच निघून आला होता. रॅट्रेसुद्धा भिंतीपाशी टोपी काढून उभा होता. पाद्रीबुवांनी प्रार्थना संपवली, मग दफनाची व्यवस्था बघणाऱ्या माणसानं कार्डांप्रमाणे पुकारायला सुरुवात केली. "एक नंबर." मी पुढे झाले. माझ्या मागे कुजबुज झाली, की बाई कशी डोक्याशी? माझ्याशिवाय तिथे फक्त एल्स्पेटला ठाऊक होतं, की ती जागा मला मिळायला नको होती. आयुष्यात एकदाच, एका कागदावर, त्याला माझ्याकडून एक हवा होता, आणि तो मी दिला नाही. त्यानं मला तो दिला. कळूनसवरून दिला.

आम्ही आठ जणांनी पेटी खाली सोडली. तळाला टेकली तसा तो माणूस हळूच म्हणाला, "सोडा आता." बाकी सातांनी दोऱ्या सोडल्या. माझी मूठ उघडेना. नीनियन समोरून माझ्याकडे बघत होता, पाद्रीबुवा वाट बघत होते. मी खाली वाकले आणि त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हटलं, "डॉड, तू फार चांगला कौन्सिलर होतास रे." मग दोरी सोडली.